दुपारी दोन वाजता गप्प होणारा बॉक्स: १५५३ बसवरचा 'नो रिस्पॉन्स' कसा पकडायचा

१५५३ बस म्हणजे लष्करी विमानातली यंत्रं ज्या सामाईक वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती, मिल-एसटीडी-१५५३ या मानकाची. आधी लक्षण सांगतो. तुमच्या बेंचवर असंच काही होत असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

सकाळी आठला रिग, म्हणजे शिकवण्यासाठी टेबलावर जोडलेली बस, चालू केला की सगळं व्यवस्थित. बस कंट्रोलर निरोप पाठवतो, तिन्ही टर्मिनल (बसला जोडलेली यंत्रं, आमच्या भाषेत बॉक्स) उत्तर देतात, मॉनिटरवर एकही चूक नाही. दुपारी दीड-दोनच्या सुमारास नऊ नंबरचं टर्मिनल (नऊ हा त्याचा पत्ता) मधूनच गप्प होतं. स्क्रीनवर येतं 'नो रिस्पॉन्स'. तेही फक्त ए बसवर; बस दुहेरी असते, ए आणि बी. चार-दोन निरोप गाळतं, परत बोलतं, परत गाळतं. संध्याकाळी साडेपाचनंतर आपोआप बरं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही असं चालतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून हे रोजचं झालं होतं.

मी वायुसेनेत एव्हिऑनिक्सवर, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर, नोकरी केली, आता हिंगणा एमआयडीसीत एका शेडमध्ये प्रशिक्षणाचा रिग सांभाळतो. डिप्लोमा झालेली पोरं येतात, त्यांना विमानातली बस हाताने उघडून दाखवायची हे माझं काम. खाली लिहिलंय ते सगळं या रिगवरचं आहे, कुठल्याही विमानाचं नाही. १५५३ हे मानक जगजाहीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि नागपुरात वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, सोनेगावला हवाई तळ आहे, मिहानमध्ये विमानांची कामं चालतात. त्यामुळे या विषयाशी पोटापाण्याचा संबंध असलेली माणसं आपल्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ही तक्रार नवी नव्हती. मागच्या उन्हाळ्यातही नऊ नंबरच गप्प व्हायचा. तेव्हा आम्ही बॉक्स बदलला, जुन्याला लाल टॅग लावून कपाटात टाकला, आणि चार दिवसांत मृगाचा पाऊस आला. तक्रार थांबली. श्रेय नव्या बॉक्सला गेलं. या वर्षी ऊन तापलं तसा नवा बॉक्सही त्याच वेळेला, त्याच बसवर गप्प व्हायला लागला, तेव्हा कळलं की मागच्या वर्षी आम्ही काहीच दुरुस्त केलं नव्हतं.

ही बस चालते कशी, थोडक्यात

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पूर्वी विमानात प्रत्येक यंत्रापासून प्रत्येक यंत्राकडे वेगळी वायर जायची. रडारकडून डिस्प्लेकडे एक जुडगा, नेव्हिगेशनकडून शस्त्रांकडे दुसरा, आणि वायरींचंच वजन एवढं व्हायचं की विचारू नका. अमेरिकन वायुसेनेने १९७३ मध्ये यावर मानक काढलं, १९७८ मध्ये त्याची 'बी' आवृत्ती आली आणि तिचेच नियम आजही चालतात. एफ-१६ हे ही बस घेऊन उडालेलं पहिलं मोठं नाव. आपल्याकडे जॅग्वारच्या डॅरिन या नेव्हिगेशन-हल्ला प्रणालीत ती आली, पुढे सुखोई-३० एमकेआय आणि तेजसमध्येही हीच.

पिळलेल्या दोन वायरी, वरून शील्ड. सेकंदाला दहा लाख बिट. मालक एकच, बस कंट्रोलर. तो विचारेल तेव्हाच बोलायचं, एरवी तोंड बंद. एका बसवर जास्तीत जास्त ३१ टर्मिनल. प्रत्येक शब्द २० मायक्रोसेकंदांचा: सुरुवातीला तीन बिटांएवढी खूण, मग १६ बिट माहिती, शेवटी चूक पकडण्यासाठी एक पॅरिटी बिट. कंट्रोलरने विचारलं की टर्मिनलने ४ ते १२ मायक्रोसेकंदांत 'स्टेटस' देऊन उत्तराला सुरुवात करायची. किमान १४ मायक्रोसेकंद वाट पाहूनही उत्तर नाही आलं तर कंट्रोलर 'नो रिस्पॉन्स' लिहून पुढे जातो.

आणि सगळं दुहेरी: ए बस आणि बी बस. एकीवर जमलं नाही तर कंट्रोलर तोच निरोप दुसरीवर पाठवतो. लढाऊ विमानात जीव वाचवणारी हीच सोय, आणि दोष लपवणारीही हीच. ए बस महिनोन्महिने आजारी असली तरी बी बस तिचं काम उचलत राहते आणि वर बसलेल्याला पत्ता लागत नाही. म्हणून रिट्रायचा, म्हणजे परत पाठवलेल्या निरोपांचा, आकडा रोज पाहावा. आमच्या मॉनिटरवर तो आकडा एका कोपऱ्यात होता आणि वर्षभर कुणी तिकडे पाहिलं नव्हतं.

ज्या तीन गोष्टींनी आम्हाला चकवलं

पहिली, अर्थातच बॉक्स. 'नो रिस्पॉन्स नऊ' असं स्क्रीन म्हणते, म्हणजे नऊ नंबर बिघडला असं मन लगेच ठरवतं. यात तुमची चूक नाही, ते शब्दच तसे आहेत. पण 'उत्तर आलं नाही' एवढंच कंट्रोलरला माहीत असतं. बॉक्स मेला, का बॉक्सला प्रश्न ऐकूच गेला नाही, का ऐकू गेला पण मधले शब्द फाटले, हे त्याला कळत नाही. मानकात स्पष्ट नियम आहे: टर्मिनलला कमांड बरोबर मिळाली पण मागून आलेल्या माहितीत एक शब्द जरी खराब निघाला, तर टर्मिनलने 'मेसेज एरर'ची खूण आपल्याजवळ नोंदवायची आणि उत्तर द्यायचं नाही. म्हणजे शहाणा, धडधाकट बॉक्स मुद्दाम गप्प बसतो. त्यालाच आपण लाल टॅग लावतो.

दुसरी, मल्टिमीटर. सावनेरकडून येणारा एक पोरगा, हात चांगला आहे त्याचा, नऊ नंबरच्या स्टबची (बसपासून बॉक्सपर्यंत येणाऱ्या फांदीची) केबल सोडून दोन टोकांवर मीटर लावून बसला आणि धावत आला. "सर, हे पहा नं, शॉर्ट आहे पूर्ण. एक ओहम दाखवून राहिला." त्याने कपलर, म्हणजे स्टब बसला जोडणारा डबा, काढायला घेतलाच होता. थांबवलं. स्टबच्या बाजूने पाहिलं तर मीटरला कपलरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग दिसतं. वाइंडिंग म्हणजे तांब्याची तार. डीसीला ती शॉर्टच दिसणार. चांगला कपलरही तेच दाखवतो. पोराला शेजारच्या पाच नंबरच्या स्टबवर मीटर लावायला सांगितलं, तिथेही एकच ओहम. तेव्हा त्याला पटलं. स्टबच्या टोकावरून बसची तब्येत मीटरने कळत नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवावं असं माझं मत आहे.

तिसरी चूक माझी, आणि तीच महागात पडली. दुपारी दोष चालू असताना मी नऊच्या स्टबवर स्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला. सकाळी साधारण ५ व्होल्ट दिसायचे, दुपारी ७ च्या वर. मी मनात म्हटलं, सिग्नल तर उलट जोरात आहे, वायर उत्तम आहे, म्हणजे दोष बॉक्सच्या कानात. दोन दिवस मी बॉक्सच उघडत बसलो. त्याच ७ व्होल्टांमध्ये सगळं उत्तर लिहिलेलं होतं.

व्होल्ट वाढला, म्हणजे काय झालं

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

आमच्या केबलचा इंपीडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलला दिसणारा अडथळा, ७८ ओहम. मानकात ७० ते ८५ चालतो. बसच्या दोन्ही टोकांना ७८ ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा रेझिस्टर. मधे कुठेही उभं राहून पाहिलं तर डावीकडे ७८, उजवीकडे ७८, म्हणजे बोलणाऱ्याला ३९ ओहमचा भार दिसतो. प्रत्येक बॉक्स बसला थेट नाही, कपलरमधून जोडलेला. कपलरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर, १ ला १.४१, वेढे जास्त बसच्या बाजूला. आणि त्याच बाजूला दोन रेझिस्टर, केबलच्या पाऊणपट, म्हणजे आमच्याकडे ५८-५९ ओहमचे. हे रेझिस्टर एवढ्यासाठी की एखादा स्टब शॉर्ट झाला तरी अख्खी बस बसू नये.

आता हिशोब करा. बोलणारा बॉक्स स्टबवर २० व्होल्ट देतो. मानकात १८ ते २७ आहे. ट्रान्सफॉर्मरने ते २८ होतात. दोन रेझिस्टर मिळून ११७ आणि बसचे ३९, एकूण १५६. त्यातला चौथा हिस्सा बसला मिळतो, म्हणजे ७ व्होल्ट. ऐकणाऱ्याच्या कपलरमधून खाली येताना १.४१ ने भागा: ५ व्होल्ट. सकाळी स्कोपवर हेच ५ दिसत होते.

एका टोकाचा टर्मिनेटर नाहीसा झाला तर? आमची बस जेमतेम दहा मीटर. बोलणाऱ्याला ३९ ऐवजी ७८ चा भार दिसतो, बसवरचा हिस्सा वाढतो आणि ऐकणाऱ्याकडे ७-८ व्होल्टांपर्यंत जातो. सिग्नल सशक्त होत नाही. त्याला शोषून घेणारं टोक उरलेलं नसतं म्हणून तो फुगतो. उघड्या टोकावरून लहर परत फिरते, नव्या बिटावर चढते, आणि शून्य ओलांडण्याची जी नेमकी वेळ पाहून टर्मिनल बिट ओळखतं ती वेळ सरकते. टर्मिनलने १५० नॅनोसेकंद इकडे-तिकडे सहन करायला पाहिजे असं मानक सांगतं. त्यापलीकडे गेलं की शब्द फाटला.

टर्मिनेटर सुटला तर बस पूर्ण बंद पडेल असं बहुतेकांना वाटतं. छोट्या बसवर तसं होत नाही, आणि हीच खरी गोम आहे. तीनपैकी दोन टर्मिनल तेवढं सहन करून चालत राहिली. नऊचा स्टब सर्वांत लांब, सहा मीटरच्या आसपास, म्हणजे मानकाच्या २० फुटांच्या मर्यादेला टेकलेला. वरून कुणीतरी तो टेबलाखाली गुंडाळून ठेवलेला. त्याच्याकडे आधीच सवलत कमी होती, म्हणून पहिला बळी तोच. दोष एका टोकाला आणि लक्षण भलतीकडेच.

शोधायची वाट

आता पुन्हा करायची वेळ आली तर मी या क्रमाने जाईन.

सगळ्यात आधी ऑटो-रिट्राय बंद. का? तर ए वर फसलेला निरोप कंट्रोलर लगेच परत पाठवतो, तो बरोबर पोहोचतो, आणि बॉक्सच्या स्टेटसमधली 'मेसेज एरर'ची खूण पुसली जाते. पुरावा आपण स्वतःच पुसतो. रिट्राय बंद केल्यावर दोष येईपर्यंत वाट पाहायची. आला की लगेच बी बसवरून नऊ नंबरला एकच मोड कोड (माहितीऐवजी बॉक्सलाच दिलेला हुकूम) पाठवायचा: 'ट्रान्समिट लास्ट कमांड', नंबर १८. याच्या उत्तरात स्टेटस येतं आणि सोबत त्या बॉक्सने शेवटची ऐकलेली कमांडही येते. दोन्ही एकाच फेरीत. आधी 'ट्रान्समिट स्टेटस', नंबर २, पाठवू नका. पाठवलात तर तीच त्याची शेवटची कमांड होऊन बसेल आणि मागचं हरवेल. ज्या बॉक्समध्ये १८ ची सोय नाही तिथे मात्र २ वरच भागवावं लागतं.

आमच्या नऊ नंबरने उत्तर दिलं ते असं: मेसेज एरर १, शेवटची कमांड अगदी बरोबर, आम्ही पाठवलेलीच. म्हणजे बॉक्स जिवंत, त्याने प्रश्न ऐकला, माहितीतले शब्द फाटले म्हणून नियमाप्रमाणे गप्प बसला. ते उत्तर स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मला कपाटातल्या लाल टॅगची आठवण झाली आणि फार वाईट वाटलं.

शेवटची कमांड जुनी आली असती तर अर्थ वेगळा होता: प्रश्न पोहोचलाच नाही. तेव्हा स्टब, कनेक्टर, पिना यांच्याकडे आधी पाहायचं.

मग निरोपांची लांबी पाहिली. एक-दोन शब्दांचे निरोप जवळपास सगळे जात होते, ३० शब्दांचे फसत होते. बॉक्स आतून बिघडला असता तर हा भेदभाव त्याने केला नसता. लांब निरोपात शब्द जास्त, म्हणून एखादा फाटायची शक्यता जास्त, इतकं साधं.

मग अदलाबदल. नऊच्या मागच्या ए आणि बी केबल एकमेकींच्या जागी लावल्या. बॉक्सच्या ए रिसीव्हरमध्ये दोष असता तर तो बॉक्ससोबत राहून आता बी बसवर दिसला असता. दिसला नाही, दोष ए बसलाच चिकटून राहिला. बॉक्स सुटला. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि सुटा भाग एकही लागत नाही. बॉक्स बदलण्याआधी ही करायचीच, असा आमच्या शेडमध्ये आता नियम आहे.

यानंतर मीटर, पण बसच्या टोकावर. सगळ्या बॉक्सची वीज बंद. एका टोकाचा टर्मिनेटर काढायचा आणि त्याच्या जागी, मधली पिन आणि आतली रिंग यांच्यामध्ये मीटर लावायचा. बाहेरचं कवच शील्डचं, त्याला हात लावायचा नाही. काय दिसायला हवं याचा आकडा आधी कागदावर काढा. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग डीसीला तारच असल्यामुळे प्रत्येक कपलर बसच्या दोन वायरींमध्ये साधारण १२० ओहम दिसतो: ते दोन रेझिस्टर आणि वाइंडिंगचे थोडे. आमच्या बसवर पाच कपलर, कंट्रोलरचा एक, मॉनिटरचा एक, टर्मिनलचे तीन. पाच कपलर मिळून २४ ओहम. त्यात पलीकडचा ७८ चा टर्मिनेटर समांतर धरला तर १८ च्या जरा वर. दोन्ही टर्मिनेटर जागेवर असताना मधूनच कुठे मोजलं तर १५.

म्हणजे १५, १८, २४ हे आमच्या रिगचे तीन आकडे. तुमचे वेगळे येतील, कपलर किती यावर अवलंबून. रिकामा ठेवलेला स्टब असला तरी त्याचा कपलर मोजायचा. पुस्तकात ३९ वाचून आलेला माणूस १५ पाहून घाबरतो आणि नसलेला शॉर्ट शोधत फिरतो. ३९ हे कपलर नसलेल्या नुसत्या वायरीचं गणित आहे.

एक सक्त सूचना. बॉक्स जोडलेले असताना बसवर मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका. इन्सुलेशन तपासायचंच असेल तर प्रत्येक बॉक्स सोडवून, आणि त्या केबलला जेवढा व्होल्ट चालतो तेवढाच. घाईत झालेली ही एक चूक महागडे बॉक्स एका फटक्यात घालवते.

सापडलं ते

सकाळी मोजलं तर १८. सगळं ठीक. अपेक्षाच होती. दोष दुपारचा आहे तर मोजमापही दुपारचं हवं. अडीच वाजता परत मोजलं: पुढचा टर्मिनेटर काढून त्याच्या जागी मीटर, आकडा २४. म्हणजे मागच्या टोकाचा टर्मिनेटर त्या वेळी बसवर नव्हताच. जागेवर घट्ट लावलेला, पण नव्हता.

तो टर्मिनेटर रॅकच्या मागे, पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर. दुपारी एकनंतर त्या पत्र्यावर सरळ ऊन येतं. कूलरचा वारा पुढे पोरांकडे, मागे काहीच नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने टर्मिनेटरचं अंग मोजलं, ५८ अंश. नागपुरात हवेचं तापमान २३ मे २०१३ ला ४७.९ पर्यंत गेलेलं आहे, तेव्हा पत्र्याशेजारी ५८ म्हणजे नवल नाही. तरी मी दुसऱ्या थर्मामीटरने पुन्हा मोजलं. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं. आश्चर्य वाटणारा आकडा आला की दोनदा मोजायचा, ही सवय मी पोरांना लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड गार असताना तो टर्मिनेटर काढून टेबलावर घेतला. मीटर लावला: ७८.१. सावनेरच्या पोराने घरून हेअर ड्रायर आणला होता. हळूहळू तापवत गेलो. ७८.१, ७८.२, ७८.२. दीड मिनिट झालं. मग आकडा एकदा थरथरला आणि मीटरवर ओएल, म्हणजे वाट तुटलेली. ड्रायर बंद करून नुसते बघत बसलो. तीनेक मिनिटांनी आतून हलकं टक् झालं आणि ७८.१ परत. पोराने तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

कवच कापून भिंगाखाली धरलं. रेझिस्टरची तार मधल्या पिनेत जिथे डाग दिला होता तिथे शिसं मळकट, दाणेदार, आणि पायाशी तारेभोवती केसाएवढी गोल भेग. डाग देताना पिन पुरेशी तापलीच नव्हती. थंडीत तार पिनेला टेकलेली असायची, उन्हात कवच प्रसरण पावलं की ती केसभर सुटायची. रिगबरोबर आलेला हा सुटा भाग, बाहेरून नवाकोरा, बायोनेट (पिळून अडकवायचा कनेक्टर) घट्ट लागलेलं. बाहेरून पाहून कुणालाही संशय आला नसता.

दोन्ही टोकांचे टर्मिनेटर बदलले. जोडीतला एक असा निघाला तर दुसऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. नवे लावायच्या आधी प्रत्येक ड्रायरने तापवून मीटरवर पाहिला. नऊचा गुंडाळलेला स्टब मापात कापून दोन मीटरवर आणला. रॅक भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढला.

असंच लक्षण, पण दोष दुसरा

आमचा दोष टर्मिनेटरचा निघाला म्हणून तुमचाही तोच असेल असं नाही. ओळखायच्या काही खुणा देतो.

ए आणि बी दोन्हींवर एकाच वेळी गप्प होत असेल तर बसचा नाद सोडा. बॉक्सची वीज बघा, नाहीतर पत्ता ठरवणाऱ्या पिना बघा. टर्मिनलचा नंबर कनेक्टरच्या पिनांवरून ठरतो, सोबत पॅरिटीची एक पिन असते. त्यातली एक जरी मागे सरकली तरी पत्ता चुकीचा ठरतो आणि बॉक्स कुणालाच उत्तर देत नाही. कनेक्टर हातात धरून पिनांची डोकी एका पातळीत आहेत का ते उजेडात तिरपं धरून पाहा. मागे गेलेली पिन अशीच दिसते.

नवी केबल लावल्यापासून टर्मिनल एकदाही बोललं नसेल तर जोडीतल्या वायरी उलट लागल्यात. कमांडची सुरुवातीची खूण आधी वर मग खाली, माहितीच्या शब्दाची आधी खाली मग वर. वायरी उलटल्या की कमांड माहितीसारखी दिसते आणि टर्मिनल तिला कमांड मानतच नाही. हा दोष कधी येतो-कधी जातो असा नसतो. कायमचा असतो.

हात लावला, केबल हलली की चूक, असं असेल तर अर्धवट लागलेलं बायोनेट किंवा तुटत आलेली शील्ड. मॉनिटर चालू ठेवून एकाने चुकांचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने एकेक कनेक्टर हळूच हलवायचा. विमानात हे कंपनांमुळे होतं, बेंचवर आपल्या हाताने करावं लागतं. शील्ड कनेक्टरला सगळ्या बाजूंनी धरलेली हवी. शेपटीसारखी एक वायर बांधून दिलेली शील्ड मी पास करत नाही.

केबल लांब असेल आणि दोष मधेच कुठेतरी असेल तर टीडीआर मागवा, म्हणजे केबलमध्ये लहर सोडून तिचा प्रतिध्वनी मोजणारं यंत्र. अशा केबलमध्ये लहर नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटीमीटर जाते, जाऊन-येऊन धरलं तर प्रत्येक नॅनोसेकंदाला १० सेंटीमीटर अंतर. जिथे उंचवटा तिथे उघडं, जिथे खड्डा तिथे शॉर्ट. कपलरचे छोटे खड्डे दिसतातच, त्यांना दोष समजू नका. चांगल्या बसचं चित्र आधी काढून ठेवलं असेल तर तुलना सोपी जाते.

कपाटातला बॉक्स

राहिला मागच्या वर्षीचा बॉक्स. 'नो रिस्पॉन्स, सदोष' असं माझ्याच अक्षरात लिहिलेला टॅग. असे निर्दोष बॉक्स जगभरच्या एव्हिऑनिक्स दुकानांतून फिरत असतात. दुरुस्तीला जातात, 'नो फॉल्ट फाउंड' शेरा घेऊन परत येतात, दुसऱ्या रॅकमध्ये लागतात, परत निघतात. प्रत्येक फेरीत कुणाचे तरी चार-सहा तास जातात, तेवढा वेळ एखादं यंत्र जमिनीवर उभं राहतं, आणि खरा दोष जागच्या जागी बसून असतो. मला याची मनापासून चीड आहे, आणि या बाबतीत तो बॉक्स मी स्वतः कपाटात टाकला होता.

टॅग काढला. दोन्ही बस, सगळे सबॲड्रेस (बॉक्समधले उपपत्ते), ३२ शब्दांचे निरोप, सतत आठ तास. एकही चूक नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोच परत नऊ नंबरच्या जागी लावला आणि बदली आणलेला स्टोअरला परत केला. टॅगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोराने मार्करने १५, १८, २४ लिहिलं आणि तो रॅकच्या मागे, टर्मिनेटरशेजारी बांधून ठेवला.